पडद्यावरचा ठिपका, मागावरचा धागा

संगणकावर तयार झालेली नक्षी हातमागावर उतरवू पाहणाऱ्या कलावंतांना बहुतेक वेळा तंत्रापेक्षा कामाचा क्रम अडवतो. आधी पडद्यावर चित्र पूर्ण करायचे, त्याच्या प्रेमात पडायचे आणि मग ते विणून देईल असा माग आणि विणकर शोधत फिरायचे, हा क्रम उलटा आहे. कोणत्या मागावर विणायचे, कोणते सूत वापरायचे आणि एका इंचात किती धागे बसवायचे, या तीन गोष्टी ठरल्याखेरीज संगणक उघडू नये. कारण पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा अर्थ या तिन्हींवरून ठरतो, आणि त्या ठरलेल्या नसतील तर संगणकावर जे तयार होते ते फक्त चित्र असते, विणीचा आराखडा नसतो.

विणकाम आणि गणनयंत्र यांचे नाते जुने आहे. फ्रान्समधील ल्यों येथे बाझील बूशों याने १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीने धागे निवडण्याची युक्ती काढली, ज्याँ-बाप्तिस्त फाल्कों याने १७२८ मध्ये त्या पट्टीच्या जागी एकमेकांना जोडलेले सुटे पुठ्ठे आणले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ मारी जॅकार्ड याने ही कल्पना रोजच्या कामात टिकेल अशा यंत्रात बसवली. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच छिद्रांचे पुठ्ठे योजले. सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या साहाय्याने विणलेले जॅकार्डचे रेशमी चित्र त्याच्या संग्रही होते. या नात्याचे मूळ विणीच्या स्वरूपातच आहे. ताणा म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे धोट्याने त्यांच्यामधून नेलेला आडवा धागा; हे दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे ताण्याचा धागा वर आहे की खाली, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा जो आलेख विणकर ग्राफ म्हणून वापरतात, तो या हजारो उत्तरांचा तक्ता असतो, आणि संगणकाला असा तक्ता चित्रापेक्षा अधिक सहज कळतो.

मागांची निवड करताना एक गोष्ट विचारावी: या मागावर धागे एकेकटे उचलता येतात की गटानेच उचलावे लागतात? साध्या खड्डामागावर किंवा चौकटीच्या मागावर ताण्याचे धागे वह्यांमधून, म्हणजे उचलत्या चौकटींमधून ओवलेले असतात आणि पावडी दाबली की एका वहीतले सगळे धागे एकदम वर येतात. आठ वह्या असल्या तर त्या उचलण्याच्या एकूण २५६ तऱ्हा होतात, आणि एकही न उचलणे व सगळ्या उचलणे या दोन निरुपयोगी तऱ्हा सोडल्या तर २५४ उरतात. ही संख्या भूमितीच्या नक्षीला भरपूर पुरते, पण चेहरा, पान, पक्षी अशा मोकळ्या आकाराला अपुरी पडते. डॉबी या यंत्रणेत वह्यांचा क्रम खुंट्यांच्या साखळीने ठरतो. संगणकीय डॉबीत तोच क्रम फाइलमधून येतो, पण पावडी दाबणे, धोटा फेकणे आणि फणीने ठोकणे विणकराकडेच राहते. जॅकार्डमध्ये धागे हुकांना बांधलेले असतात आणि प्रत्येक हुक स्वतंत्र उचलता येतो. हातमागावर १२०, २४० किंवा ४०० हुकांची जॅकार्ड सर्रास दिसतात, आणि इथे नक्षीची रुंदी हुकांवरून ठरते: इंचाला ६० धागे असतील तर २४० हुकांत ४ इंचांची नक्षी मावते आणि मग ती पन्हाभर पुन्हा पुन्हा येते. याशिवाय धोट्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा लागतो, म्हणून जिची पुनरावृत्ती होत नाही अशी लांबलचक नक्षी पुठ्ठ्यांच्या जॅकार्डवर परवडत नाही. नॉर्वेत विबेके वेस्टबी यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात टीसी-१ आणि बऱ्याच काळाने टीसी-२ हे हातमाग घडले, ज्यांत ताण्याचा प्रत्येक धागा संगणकाच्या आज्ञेने सुटा उचलला जातो आणि बाणा मात्र हातानेच टाकला जातो. अमेरिकेतील लिया कुक यांच्यासारख्या कलावंतांनी छायाचित्रांवर आधारलेली मोठी विणचित्रे अशा हातजॅकार्डवर साकारली आहेत. आणि ज्या मागावर कोणतीच निवडयंत्रणा नसते, विणकर बोटांनीच धागे मोजून रंग भरतो, तो पैठणीचा मागही संगणकाच्या नक्षीला पारखा नाही. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

माग ठरला की मोजमापाकडे वळावे. पुढील सगळे हिशेब एका उदाहरणावर बेतले आहेत: २/२० काउंटचे, म्हणजे २० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले सुती सूत, ताण्यात इंचाला ६० धागे, बाण्यात इंचाला ४० फेकी, कापडाची रुंदी २४ इंच आणि लांबी ३६ इंच. ताण्यात २४ गुणिले ६० म्हणजे १४४० धागे झाले, आणि बाण्यात ३६ गुणिले ४० म्हणजे पुन्हा १४४० फेकी. म्हणजे पडद्यावरची फाइल १४४० ठिपके रुंद आणि तितकीच उंच, अगदी चौरस असायला हवी, जरी प्रत्यक्ष कापड रुंदीच्या दीडपट उंच असणार आहे. नवख्या माणसाचे पहिले विणचित्र उंच ताणलेले निघते ते या एका गोष्टीमुळे. पडद्यावरचा ठिपका चौरस असतो, कापडातला मात्र या उदाहरणात इंचाचा एक-साठांश रुंद आणि एक-चाळिसांश उंच असतो. म्हणून मूळ चित्र दोनास तीन या प्रमाणात रचावे, ते पूर्ण झाल्यावरच १४४० गुणिले १४४० मध्ये दाबून बसवावे, आणि पडद्यावर ते बसके दिसले म्हणून घाबरून पुन्हा ताणू नये.

हे आकडे गृहीत धरण्याचे नाहीत, ते नमुन्यावरून काढायचे असतात. त्याच सुताची, त्याच विणीची निदान हातभर पट्टी विणावी, तिच्यातल्या फेकी माग ताणलेला असताना मोजाव्यात, पट्टी उतरवून ती दिवसभर सैल पडू द्यावी, धुवावी, वाळवावी आणि मग पुन्हा मोजाव्यात; कापड दोन्ही दिशांनी आटते आणि ते सारखेच आटेल असे नसते. फाइलची उंची ठरवताना धुतल्यानंतरचा आकडा धरावा. याच टप्प्यावर सुताचा हिशेबही करून टाकावा. १४४० फेकी गुणिले २४ इंच म्हणजे ९६० यार्ड, त्यात धाग्याच्या वळणांसाठी आणि कडेच्या वाटचालीसाठी दहा टक्के मिळवले की १०५६ यार्ड बाणा लागतो. २/२० काउंटचे सूत पौंडाला ८४०० यार्ड भरते, म्हणून हा बाणा सुमारे ५७ ग्रॅम होतो. ताण्यासाठी मागावर बांधण्याची वाया जाणारी लांबी आणि नमुन्याची पट्टी धरून अडीच यार्ड घेतले तर १४४० धाग्यांना ३६०० यार्ड, म्हणजे सुमारे १९४ ग्रॅम सूत लागते. दुसऱ्या रंगाचा बाणा कडेपासून कडेपर्यंत जात असेल तर तो पृष्ठभागावर कितीही थोडा दिसो, त्याचे सूत पूर्ण पन्ह्याचे धरावे लागते. जरीच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते.

आता नक्षी कशी जन्माला घालायची, याकडे वळता येईल. संगणकाने केलेली रचना म्हणजे काय, याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक म्हणजे छायाचित्र किंवा हाताने काढलेले चित्र संगणकावर घेऊन ते विणण्याजोगे करणे. दुसरा म्हणजे चित्र न काढता एक नियम ठरवणे आणि त्या नियमातून संगणकाला नक्षी उलगडू देणे. कलेच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक कसदार आहे, कारण नियमातून ओळीमागून ओळ तयार होत जाते आणि कापडही ओळीमागून ओळच वाढत असते, त्यामुळे रचनेची आणि विणीची चाल एकच होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे सेल्युलर ऑटोमेटा, म्हणजे चौकटींची अशी रांग जिची पुढची रांग आधीच्या रांगेवरून एका ठरावीक नियमाने काढली जाते. स्टीफन वुल्फ्रॅम यांनी १९८० च्या दशकात अशा २५६ प्राथमिक नियमांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांतला नव्वदावा नियम एवढाच आहे की एखाद्या चौकटीच्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांपैकी नेमका एकच काळा असेल तर पुढच्या रांगेत ती चौकट काळी, दोन्ही सारखे असतील तर पांढरी. मधोमध एक काळी चौकट ठेवून सुरुवात केली की त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण अशी नक्षी आपोआप पसरत जाते, आणि हा नियम कागदावर हातानेही चालवून पाहता येतो. तसे एकदा करून पाहावे, म्हणजे संगणक नेमके काय करतो आहे ते हाताला कळते.

पण हीच नक्षी जशीच्या तशी विणली, काळी चौकट म्हणजे ताणा वर आणि पांढरी म्हणजे ताणा खाली असे धरले, तर कापड टिकणार नाही. या नियमात चौसष्टाव्या रांगेवर फक्त दोन काळ्या चौकटी उरतात आणि त्यांच्यामध्ये १२७ पांढऱ्या येतात. म्हणजे तिथे बाणा १२७ धाग्यांवरून कुठेही न गुंतता जाईल, इंचाला ६० धागे धरले तर दोन इंचांहून जास्त. असा न गुंतलेला भाग म्हणजे तरता धागा, आणि तरते धागे लांब झाले की ते बोटात, नखात, बांगडीत अडकतात, कापड सैल पडते आणि नक्षी सरकते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे साध्या विणीची जमीन वेगळ्या धोट्याने विणत जायचे आणि नक्षीचा जादा बाणा तिच्यावर ठरावीक अंतराने गुंतवायचा. दुसरा, अधिक नेटका उपाय म्हणजे नियमातली एक चौकट म्हणजे एक छेद असे न धरता ती विणीचा एक तुकडा मानायची: काळ्या चौकटीत ताणा वर दिसणारी वीण, पांढऱ्या चौकटीत बाणा वर दिसणारी वीण. आपल्या उदाहरणात १२ धागे आणि ८ फेकी मिळून इंचाचा पाचवा भाग होतो, दोन्ही दिशांनी सारखाच. म्हणजे चौकट कापडातही चौरस राहते आणि पन्ह्यात १२० चौकटी व लांबीत १८० रांगा मावतात. मध्यावरून सुरू झालेला त्रिकोण साठाव्या रांगेला काठाला भिडतो, आणि तिथून पुढे काठाशी काय घडावे, नक्षी परतावी की कापली जावी, हा कलावंताचा निर्णय असतो. तो संगणकावर सोडू नये.

वह्यांच्या मागावर काम करणाऱ्यांसाठी नियमाचे आणखी एक क्षेत्र मोकळे आहे. ताण्याची ओवणी, वह्या-पावड्यांची बांधणी आणि पावड्यांचा क्रम हे तीन तक्ते आहेत आणि कापडावरची नक्षी हा त्या तिघांचा एका विशिष्ट रीतीचा गुणाकार आहे. त्यामुळे ओवणी तशीच ठेवून फक्त पावड्यांचा क्रम एखाद्या नियमाने बदलला तर त्याच ताण्यावर कितीतरी वेगळी कापडे निघतात. विणकामाच्या बहुतेक संगणक-प्रणाली हा गुणाकार क्षणात करून दाखवतात, आणि १९९० च्या दशकात ठरलेल्या डब्ल्यूआयएफ या सामाईक फाइल-स्वरूपामुळे एका प्रणालीत केलेला आराखडा दुसरीत उघडता येतो. भारतात मीडिया लॅब एशियाने, म्हणजे आजच्या डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने, हातमाग डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली डिजिबुनाई ही मुक्त प्रणाली डॉबी आणि जॅकार्ड या दोन्हींसाठी वापरता येते.

छायाचित्रापासून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्रापासून सुरुवात करणाऱ्यांनी मात्र जास्त जपावे. अशा चित्रात छटांची संख्या अमाप असते आणि विणीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असू शकते. आठ धाग्यांची साटीन ही वीण घेतली तर दर आठ छेदांपैकी एका ठिकाणी ताणा वर, मग दोन ठिकाणी, असे करत सात ठिकाणांपर्यंत जाता येते, म्हणजे उजेडापासून अंधारापर्यंत सात पायऱ्या मिळतात. पाच धाग्यांच्या साटीनमध्ये त्या चारच मिळतात. साटीनमध्ये प्रत्येक पुढच्या ओळीचा बिंदू आधीच्या बिंदूपासून ठरावीक धागे सरकवलेला असतो, आणि ही सरक एक किंवा एकूण धाग्यांहून एकाने कमी नसावी, शिवाय तिला आणि एकूण धाग्यांना एकाशिवाय दुसरा सामाईक विभाजक नसावा: पाचात दोन किंवा तीन, आठात तीन किंवा पाच. सहा धाग्यांची नियमित साटीन होत नाही ती याच कारणाने. सातही पायऱ्या एकाच मूळ बिंदूंवर एकेक शेजारचा बिंदू वाढवत रचाव्यात, म्हणजे दोन छटा जिथे भेटतात तिथे विणी एकमेकींत बसतात. प्रत्येक छटेसाठी वेगळ्या पायाची वीण घेतली तर सीमेवर सात धाग्यांचे तरते धागे जोडले जाऊन चौदापर्यंत जातात.

फाइल हाताळण्याचे काही बारकावे इथेच सांगणे सोयीचे. छटा कमी करताना चित्रप्रणालीतली रंगसूचीची पद्धत निवडावी आणि ठिपके विखरून मधल्या छटांचा भास करणारी सोय बंद ठेवावी, कारण ते विखुरलेले ठिपके धाग्याच्या पातळीवर विणीचा पायाच विस्कटतात. छटा कमी केल्यानंतर चित्राचा आकार बदलायचा झाल्यास कडा मऊ करणारी पद्धत वापरू नये. ती दोन रंगांच्या मध्ये तिसराच रंग तयार करते आणि त्या रंगाला कोणतीच वीण नेमलेली नसते. याच कारणाने अंतिम फाइल जेपीईजीमध्ये कधीही साठवू नये. बीएमपी, टिफ किंवा पीएनजी यांत ठिपका जसाच्या तसा राहतो. मग सुटे पडलेले एकांडे ठिपके हाताने पुसावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण याच वेळी चित्राचा प्रत्येक भाग डोळ्यांखालून जातो आणि कुठली रेघ कापडात हरवणार आहे ते आधीच दिसते. शेवटी प्रणालीकडून तरत्या धाग्यांची तपासणी दोन्ही बाजूंनी करून घ्यावी. पाठीमागचे तरते धागे पडद्यावर दिसत नाहीत म्हणून ते विसरले जातात. कापड उलट्या बाजूने विणले जाणार असेल तर चित्र आरशातल्यासारखे फिरवून घ्यावे, आणि त्यात अक्षरे असतील तर हे दोनदा पाहावे.

एक दोष मात्र कोणतीही प्रणाली आपणहून दाखवत नाही. साध्या विणीत धागा प्रत्येक छेदाला वळतो, साटीनमध्ये तो बरेच अंतर सरळ जातो. त्यामुळे तेवढ्याच कापडाला साध्या विणीत ताणा जास्त लागतो. चित्राच्या एका उभ्या पट्ट्यात सगळी साटीन आणि शेजारच्या पट्ट्यात सगळी साधी वीण असेल, आणि सगळा ताणा एकाच तुरीवर, म्हणजे मागाच्या गुंडाळीच्या दांड्यावर, गुंडाळलेला असेल, तर काही धागे ताठ होतात, काही ढिले पडतात, ढिल्यांतून धोटा जाण्याची फट नीट उघडत नाही आणि कापड लाटांसारखे उठते. म्हणून आराखडा तयार झाला की तो उभ्या पट्ट्यांत पाहावा आणि घट्ट व मोकळ्या विणी प्रत्येक पट्ट्यात साधारण सारख्या येतील अशी रचना करावी. ते शक्य नसेल तर ताणा दोन तुरींवर विभागावा.

रंगांच्या बाबतीत पडद्यावर विसंबून राहू नये. पडदा स्वतः प्रकाश देतो, सूत तो परतवते. शिवाय कापडात ताण्याचा आणि बाण्याचा रंग शेजारी शेजारी राहून डोळ्यात मिसळतात, त्यामुळे पांढऱ्या ताण्यावर कोणताही बाणा फिका होतो आणि लाल ताण्यावर हिरवा बाणा दुरून मळकट तपकिरी दिसतो. धूपछाव म्हणून ज्या पोताचे कौतुक होते ते याच मिश्रणातून येते. पण तिथे रेशमाची चकाकी आणि साध्या विणीची समता असते, ती सुती साटीनमध्ये मिळेल असे मानू नये. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रंगपट विणणे: सात विणी एका दिशेने, समजा सहा रंगांचे बाणे दुसऱ्या दिशेने, अशा ४२ लहान चौकोनांची पट्टी. ती दिवसाच्या उजेडात पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि चित्राची रंगसूची त्या चौकोनांमधूनच निवडावी. एकदा रंगपट विणला की त्या सुतावरच्या पुढच्या सगळ्या कामांना तो उपयोगी पडतो, आणि रंगांबाबतचे वाद बव्हंशी तिथेच मिटतात.

प्रत्यक्ष विणताना संगणकाला आठवणारी आणि न आठवणारी अशा दोन गोष्टी असतात. कितवी फेक चालू आहे हे त्याला आठवते, म्हणून धागा तुटल्यावर किंवा चुकीची फेक उसवल्यावर फाइलही तितक्याच ओळी मागे न्यावी लागते. हे हमखास विसरले जाते. फणी किती जोराने बसली हे मात्र त्याला कळत नाही. इंचाला ४० फेकी हे गणित विणकराच्या हातात असते आणि हात सकाळ-संध्याकाळ सारखा राहत नाही. यासाठी कापडी मापपट्टी कापडाच्या काठाला टाचून ठेवावी, ती कापडाबरोबर तुरीकडे सरकत जाईल अशी. दर दोन इंचांना ८० फेकी भरतात का ते पाहावे. तिथे ८४ भरल्या तर चित्र सुमारे पाच टक्के दबले आहे. पानाफुलांत हा फरक खपून जातो, वर्तुळात किंवा चेहऱ्यात तो लगेच डोळ्यात भरतो, तेव्हा अशा भागाच्या आधीच ठोक सुधारावी आणि तो भाग शक्यतो एकाच बैठकीत विणावा. फरक कळल्यावर एकदम भरपाई करण्याचा मोह टाळावा, कारण अचानक सैल झालेली पट्टी आधीच्या घट्ट पट्टीपेक्षा वाईट दिसते.

आता पैठणीचा माग. येवला आणि पैठण येथे पदरावरची मुनिया, बांगडी-मोर, कमळ किंवा असावली ज्या पारंपरिक रीतीने विणतात तिच्यात बाणा कडेपासून कडेपर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाच्या क्षेत्राला स्वतःची छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी असते आणि तो रंग आपल्या क्षेत्रापुरता जाऊन शेजारच्या रंगाशी गुंतून परत फिरतो. इथे धागे निवडायला यंत्र नाही, म्हणून संगणक मागाला काही आज्ञा देऊ शकत नाही. तो विणकराला वाचता येईल असा ग्राफ देऊ शकतो. तो ग्राफ वाचनीय असणे हीच खरी कसोटी. एक घर म्हणजे ताण्याचे किती धागे आणि बाण्याच्या किती फेकी, हे विणकराशी बोलून ठरवावे आणि ग्राफच्या डोक्यावर ठळक लिहावे. दर दहा घरांनी जाड रेघ असावी. रंगांच्या जोडीला चिन्हेही असावीत, कारण छापील जांभळा आणि छापील निळा यांतला फरक मागावरच्या उजेडात पुसट होतो. तिरक्या आणि वळणदार कडा घराघराच्या पायऱ्यांनी जातात, आणि त्या पायऱ्यांची लय, दोन घरे आडवी व एक उभे की तीन आडवी व दोन उभी, संगणक अनेकदा वेडीवाकडी ठेवतो. मोराची मान सुबक दिसते की मोडकी, हे त्या लयीवर ठरते. अनुभवी विणकर ही चूक ग्राफवरच ओळखतो, म्हणून पहिला ग्राफ पेन्सिलीसह त्याच्या हातात द्यावा आणि त्याने केलेल्या दुरुस्त्या फाइलमध्ये भराव्यात.

याच मागाच्या संदर्भात संगणकाचा असा एक उपयोग आहे ज्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. अशा विणीत वेळ कापडाच्या आकारावर जात नाही, तो रंगबदलांवर जातो. एका ओळीत जितकी रंगक्षेत्रे तितक्या वेळा तिल्ली उचलून, नेऊन, गुंतवून ठेवावी लागते. ही संख्या प्रत्येक ओळीसाठी संगणक मोजू शकतो. समजा पदर १८ इंचांचा आहे, इंचाला ६० फेकी आहेत, म्हणजे १०८० ओळी, आणि ओळीत सरासरी ३० क्षेत्रे आहेत. तर तिल्ली ३२,४०० वेळा हाताळली जाणार. निरर्थक एकांडे ठिपके पुसून आणि दोन जवळच्या छटा एक करून ही सरासरी २२ वर आणली तर आकडा २३,७६० होतो, आणि दहा फुटांवरून पाहणाऱ्याला दोन्ही पदरांत फरक जाणवेलच असे नाही. पडद्यावर एक ठिपका वाढवायला काही पडत नाही, मागावर त्याची किंमत विणकराच्या पाठीने आणि डोळ्यांनी मोजली जाते. म्हणून ही मोजणी मजुरी ठरण्याच्या आधी करावी, विणकरासमोर ठेवावी, आणि नमुन्याच्या एका वितीला लागलेल्या वेळावरून पूर्ण कामाची मजुरी दोघांनी मिळून ठरवावी. इंचावर किंवा नगावर मजुरी ठरवून मग संगणकावरची नक्षी अधिकाधिक बारीक करत जाणे हा उघड अन्याय आहे. त्याच मोजणीतून प्रत्येक रंगाची एकूण घरेही मिळतात, आणि या विणीत धागा आपल्या क्षेत्रापुरताच जात असल्याने त्यावरून रेशीम आणि जरी यांचा अंदाज बराच नेमका निघतो.

नावांच्या बाबतीत काटेकोर राहावे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरलेल्या प्रदेशाबाहेर विणलेल्या वस्त्राला, त्याच्यावर मोर किंवा मुनिया असली तरी, ते नाव लावता येत नाही. अशा कामाचे वर्णन करताना तंत्राचे आणि प्रेरणेचे नाव द्यावे, वस्त्राचे देऊ नये. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्याने यंत्रमाग नसलेला माग तो हातमाग अशी व्याख्या केली आहे. नक्षीची निवड विजेवर चालणाऱ्या यंत्रणेने झाली आणि धोटा व फणी हाताने चालली, तर ते तसेच लिहावे. कोणते काम हाताने झाले आणि कोणते नाही, हे ग्राहकाला किंवा संग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे. रंगाई, सूत आणि नक्षी यांबाबत सल्ला हवा असेल तर मुंबई आणि नागपूर येथील विणकर सेवा केंद्रांशी संपर्क साधता येतो.

काम उतरल्यावर त्याची नोंद लगेच करावी, कारण महिन्याभरात तपशील पुसट होतात. मूळ चित्र, छटा कमी केलेले चित्र आणि विणीसह अंतिम आराखडा या तीनही फाइली वेगळ्या ठेवाव्यात. नियमातून निघालेली नक्षी असेल तर तो नियम आणि सुरुवातीची रांग साध्या शब्दांत लिहून ठेवावी, म्हणजे प्रणाली बदलली तरी नक्षी पुन्हा काढता येईल. सोबत सुताचा काउंट, दाटी, धुण्याआधीचे व नंतरचे माप आणि रंगपटाचा एक तुकडा जोडावा. प्रदर्शनातल्या फलकावर नक्षीकाराच्या जोडीने, त्याच आकाराच्या अक्षरांत, विणणाऱ्याचे, आणि ताणा तयार करून पाजणी व सांधणी दुसऱ्या कोणी केली असेल तर त्यांचेही, नाव असावे; अशी नावे मागाहून गोळा करणे अवघड जाते, तेव्हा ती ताणा मागावर चढतानाच वहीत लिहून घ्यावीत.